हातमोजा

हेझलनट रात्रभर भिजवून ठेवल्या
म्हणजे सुई जाते, नाहीतर बी दुभंगते.
एवढं त्सियालाबाईंना आईकडून ठाऊक.
बाकीचं बत्तीस वर्षांत
पोरांनी शिकवलं.

इमेरेतीच्या डोंगरातली शाळा. वर्गात शेगडी,
तिच्या नळीला एक भोक, त्यावर पत्र्याचा तुकडा.
पहिलीत अकरा मुलं.
नोव्हेंबर संपत आलाय, दाराशी चिखलाचे बूट,
आणि टेबलावर परातभर ओल्या बिया,
निम्म्या किडक्या. किडक्याही मोजायच्या असतात.

दहा ओवल्या की गाठ.
गाठ मारली की त्या दहा राहत नाहीत, बाई म्हणतात,
एक होतात.
एक माळ.

ग्वान्त्सा मान डोलावते.
बाचाना नाही डोलावत.
दिल्या दहा, मिळाली एक,
असा व्यवहार त्याने कुताइसीच्या बाजारात
आजीला करताना पाहिलेला नाही.
"मास, माझ्या परत द्या."

दरवर्षी एक कुणीतरी असतंच
या अदलाबदलीपाशी पाय रोवून बसणारं.
बाईंना मनातून तेच आवडतं.
उत्तर मात्र दरवर्षी नवं शोधावं लागतं,
आणि आज सुचत नाहीये.

शिवाय त्यांची भाषा. ती विसांनी मोजते.
त्रेपन्न म्हणायचं तर
दोन विसा आणि तेरा.
तोंडात तेरा, ताटात मात्र तीन सुट्या,
आणि उरलेले दहा गेले कुठे?
ते पाचव्या माळेत जाऊन बसलेत
हे तोंडाला कोण सांगणार.
बाई बोटाने दाखवतात.
बोट दोन्ही भाषा जाणतं.

मग चाळीस वजा सात.
चार माळा. सुटं काही नाही.
ग्वान्त्सा म्हणाली, सातच नाहीत तर देणार कुठून,
आणि हात झटकून मोकळी झाली.
शेगडीत लाकूड तडकलं.
बाचानाने चौथी माळ उचलली,
गाठ दातांनी तोडली
आणि मोठ्याने मोजत
एक, दोन, तीन
सात बिया खाल्ल्या.
दोऱ्यावर उरल्या तीन, थुंकीने चकाकणाऱ्या.
"होत्या की आत," तो म्हणाला,
भरल्या तोंडाने, थोडा रागावूनच,
जणू इतका वेळ कुणी लपवून ठेवल्या होत्या.

बाईंनी त्याला रागवायला हवं होतं.
त्यांनी दोरा हातात घेतला आणि
नुसत्या बघत राहिल्या.

दुपारी शंभर.
दहा माळांची एक टोपली.
तीन कप्प्यांचं पावाचं जुनं ताट:
डावीकडे टोपली, उजवीकडे पाच सुट्या,
मधे लाकूड.
कुणी म्हणालं पंधरा.
कुणी म्हणालं, मधला कप्पा काढूनच टाका ना.
आणि सुट्या पाच सरकवल्याही कुणीतरी डावीकडे,
टोपलीला खेटून,
मोकळी जागा दिसली की माणसं सरकतात तशा.

त्सोत्ने उठला.
तो सप्टेंबरपासून वर्गात बोललेला नाही,
सुई मात्र सगळ्यांत सरळ ओवतो.
त्याने पाच बिया एकेक करून
होत्या तिथे नेऊन ठेवल्या,
आणि मधल्या कप्प्यात
आपला हातमोजा.
राखाडी, अंगठ्याला लाल लोकरीने रफू केलेला,
आत हात नसलेला.

कुणी हसलं नाही.
बाचानाने ताटाकडे पाहिलं, मग त्सोत्नेकडे,
आणि बियांना हात लावायचा
मोह आवरला.

घंटा झाली. बूट, दप्तरं, ढकलाढकली.
खिडकीतून बाईंना दिसला
उतारावरून जाणारा त्सोत्ने,
एक हात उघडा, एक खिशात.
हाक मारायला त्यांनी तावदान उघडलंही.
मग गारठा आत आला तसं
पुन्हा लावून घेतलं.

शेगडीतली राख काढली. फळा पुसला.
ताट मात्र हलवलं नाही.
उद्या सकाळपर्यंत
एकशे पाच.